"तुम्ही खेळा, मी बघते" हे ऐकू येऊ नये म्हणून : घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत बोर्डगेम, पत्ते कसे निवडायचे, कसे रंगवायचे

घरी सगळे जमलेत, हातात दोन-तीन तास आहेत, कोणीतरी म्हणतं चला काहीतरी खेळूया, आणि आपण उत्साहाने कपाटातला सगळ्यात मोठा, सगळ्यात भारी डबा काढतो. मी हे केलंय. आम्ही आठ जण, गेम पाच जणांचा, म्हणून जोड्या पाडल्या, मांडायला वीस मिनिटं, नियम सांगायला चाळीस, आणि मी अजून "आता यातले अपवाद सांगतो" म्हणत होतो तेव्हा आत्याने हातातले पत्ते खाली ठेवले आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "तुम्ही खेळा रे, मी बघते." तिच्यामागे काका उठले, मग भाचीने फोन काढला. गेम चांगलाच होता, आजही माझा आवडता आहे, पण त्या दिवशी त्या माणसांसाठी तो नव्हता.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आधी बसणारी माणसं बघायची, मग डबा ठरवायचा. कुणी "मी बघते" म्हणालं की बहुतेक वेळा त्याला खेळायचंच नसतं असं नाही, त्याला सगळ्यांसमोर चुकायचं नसतं, किंवा आपल्यामुळे बाकीचे खोळंबतील याचं टेन्शन आलेलं असतं. हे दोन्ही आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे डोकी मोजा, आणि डब्यावर लिहिलेला आकडा जरा सांभाळून वाचा. "२ ते ५" लिहिलंय म्हणजे पाच जणांत चालतो, रंगतोच असं नाही. साधा हिशोब करा, प्रत्येक जण आपल्या पाळीला दोन मिनिटं घेत असेल तर पाच जणांत तुमची पाळी परत यायला आठ मिनिटं लागतात, आणि आठ मिनिटं नुसतं बसून राहणं नवीन माणसाला जड जातं. कार्कासॉन दोघांत-तिघांत फार सुंदर चालतो, एक टाइल, म्हणजे नकाशाचा चौकोनी तुकडा, उचलायची, जुळेल तिथे लावायची, वाटलं तर त्यावर आपला माणूस उभा करायचा, बास. पाच जणांत तोच गेम रेंगाळतो कारण ७२ टाइल्स पाच जणांत वाटल्या गेल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येतात जेमतेम चौदा. कॅटानचा मूळ डबा तीन-चार जणांचाच आहे, त्यात पाचवा बसवायला वेगळा जोड-डबा लागतो. सहा-आठ जण असतील तर सरळ टीमचे गेम काढा किंवा सगळे एकाच वेळी खेळतात असे. ६ निम्त (१९९४ मध्ये वोल्फगांग क्रामरने केलेला, १०४ पत्त्यांचा) दहा जणांपर्यंत चालतो आणि सगळे एकदमच पत्ता उलटा ठेवून एकदमच उघडतात त्यामुळे वाट बघणं हा प्रकारच नाही.

डब्यावर वेळ लिहिलेली असते तीही अशीच. ४५ मिनिटं म्हणजे सगळ्यांना नियम पाठ असताना ४५ मिनिटं. पहिल्यांदा खेळताना मी त्यात निम्मी वेळ सरळ वाढवून धरतो आणि नियम सांगायची वेळ वेगळी. वयाचा आकडा लहान मुलांसाठी असतो, त्यावरून मोठ्यांना जमेल की नाही ते कळत नाही. भाषेकडे मात्र नक्की लक्ष द्या, हे डब्यावर मोठ्या अक्षरात कुठेच लिहिलेलं नसतं. काही गेममध्ये प्रत्येक पत्त्यावर इंग्रजीत तीन-तीन ओळी असतात आणि ज्याला ते भरभर वाचता येत नाही तो माणूस सारखा शेजारच्याला विचारतो, आणि विचारता विचारता आपल्या हातातले पत्तेही दाखवून बसतो. अशा वेळी चित्रांचे, रंगांचे, आकड्यांचे गेम घ्या. अझूल, कार्कासॉन, डिक्सिट, ६ निम्त, यांत खेळताना वाचायला काहीच लागत नाही.

नवीन गेम विकत घ्यायचा असेल तर दोन खुणा बघायच्या. जर्मनीत १९७९ पासून श्पील देस यारेस नावाचा पुरस्कार देतात, अर्थ 'वर्षाचा गेम', आणि तो मुद्दाम घरी सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेमला देतात. डब्यावर लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं की हा तो. निळं चिन्ह लहान मुलांच्या गेमचं, आणि काळपट राखाडी चिन्ह थोड्या मुरलेल्या खेळाडूंच्या गेमचं, म्हणजे ते दिसलं तर पहिल्या खरेदीला जरा थांबा. कॅटान १९९५ चा विजेता, कार्कासॉन २००१, टिकिट टू राइड २००४, डिक्सिट २०१०, कोडनेम्स २०१६, अझूल २०१८, जस्ट वन २०१९. दुसरी खूण म्हणजे बोर्डगेमगीक या साइटवर प्रत्येक गेमला पाचपैकी एक 'वेट' दिलेलं असतं, गेम किती अवघड आहे त्याचा आकडा. माझा अनुभव असा की घरच्या मिश्र गर्दीत दोनच्या आसपास किंवा खाली राहायचं, अडीचच्या वर गेलात की कुणीतरी "बघते" म्हणणारच. साइटवरच्या लोकांनी दिलेल्या रेटिंगच्या मागे मात्र फार जाऊ नका, तिथे मुख्यतः रोज खेळणारे लोक रेटिंग देतात. आणि शक्य असेल तर आधी कुणाचा तरी आणून किंवा बोर्ड गेम अरीनावर ऑनलाइन एकदा खेळून बघा, आणि जोड-डबे, एक्सपान्शन वगैरे मूळ गेम दहा वेळा खेळून होईपर्यंत घेऊच नका.

आता स्वभाव. हे कुठल्याच डब्यावर नसतं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. काही लोकांना दुसऱ्याचं काहीतरी हिसकावून घ्यायला मजा येते, काहींना त्याचं खरंच वाईट वाटतं, रात्रभर वाटतं. काहींना चेहरा सरळ ठेवून खोटं बोलणं जमतच नाही, त्यांना थापा मारायच्या गेममध्ये बसवणं म्हणजे शिक्षा. कुणाला शब्द सुचतात, कुणाला हिशोब. तुम्ही या माणसांना वर्षानुवर्षं ओळखता, ती ओळख इथे वापरा.

आमच्या आत्याचंच सांगतो. मोठा गेम फसल्यावर काही महिन्यांनी परत सगळे जमलो तेव्हा मी डिक्सिट काढला. यात सांगणारा आपल्या हातातल्या चित्राबद्दल एक शब्द किंवा वाक्य बोलतो, बाकीचे आपापल्या हातातलं त्याला जुळेल असं चित्र देतात, सगळी पिसून मांडायची आणि सांगणाऱ्याचं कुठलं ते ओळखायचं. गंमत मार्कांत आहे, सगळ्यांनी ओळखलं तरी सांगणाऱ्याला शून्य आणि कुणीच नाही ओळखलं तरी शून्य, म्हणजे काहींना कळेल आणि काहींना नाही असं बोलायचं. आत्या बराच वेळ पत्ता बघत बसली आणि म्हणाली, "परीक्षेचा आदला दिवस." चित्रात परीक्षेचा काही संबंध नव्हता. आम्ही सगळे चुकलो, फक्त बाबांनी एका सेकंदात बोट ठेवलं, बरोबर. दोघं भावंडं एकमेकांकडे बघून जे हसली ना, पुढची दहा मिनिटं गेम थांबला आणि आम्ही त्यांच्या शाळेच्या गोष्टी ऐकल्या ज्या मी आधी कधीच ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी ती शेवटपर्यंत बसली.

ज्यांना एकमेकांविरुद्ध खेळायला आवडत नाही त्यांच्यासाठी सगळे मिळून गेमविरुद्ध खेळायचे को-ऑप गेम असतात, पॅन्डेमिकमध्ये सगळे मिळून चार रोग आवरायचे, हरलो तर सगळेच हरतो. यात एक मोठी अडचण आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी, जो माणूस जास्त खेळलेला असतो तोच सगळ्यांचे डाव खेळायला लागतो, "तू इथे जा, तू हा पत्ता दे", आणि बाकीचे नुसते सोंगट्या सरकवतात. सगळ्यात जास्त खेळलेले तुम्ही असाल तर सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. नाहीतर असे गेम घ्या ज्यात बोलण्यावरच बंधन आहे. हनाबीत तुमचे पत्ते तुम्हालाच दिसत नाहीत, तोंड बाहेर करून धरायचे आणि बाकीचे मोजके इशारे देतात. द क्रू तर पत्ते खेळणाऱ्या घरांसाठी सोनं आहे, चार रंगांत १ ते ९ आणि वर चार रॉकेट, रॉकेट म्हणजे हुकूम, उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, फक्त इथे सगळे एकाच बाजूला आणि कुठला पत्ता कोणी उचलायचा ते ठरलेलं. आयुष्यभर पत्ते खेळलेल्या आजोबांना हा पाच मिनिटांत समजतो, आणि मग ते नातवंडांना उतारी म्हणजे काय ते शिकवतात.

आणि साधा ५२ पत्त्यांचा कॅट विसरू नका. इतक्या कमी जागेत इतके गेम दुसऱ्या कशातच नाहीत. बदामसात अगदी लहान मुलालाही येतो, पण मोठ्यांना त्यात पत्ता दाबून ठेवायची मजा आहे, किलवरची अठ्ठी हातात घेऊन शांत बसायचं आणि समोरच्याची नव्वी, दश्शी अडकलेली बघायची. माझा सगळ्यात लाडका जजमेंट. पत्ते वाटल्यावर, हुकूम कुठला ते ठरल्यावर प्रत्येकाने आपण किती हात करणार ते बोलायचं, आणि बोललात तेवढेच करायचे, कमी नाही जास्त नाही. शेवटी बोलणाऱ्याला बेरीज जुळवता येत नाही, म्हणजे सात पत्ते असतील आणि आधीच्यांची बेरीज पाच झाली असेल तर तो दोन बोलू शकत नाही, म्हणजेच दर डावात कुणीतरी एक पडणार हे नक्की. यात वाईट पत्ते आले तरी रडायचं कारण नसतं, "शून्य" बोलून शून्य करणं हेही तितकंच अवघड आणि तितकंच गोड. मार्क घराघरात वेगळे देतात, आम्ही जमलं तर दहा अधिक बोललेले हात असे देतो.

पत्ते पिसण्याबद्दल एक. दोन गठ्ठे करून कोपरे फर्रकन एकमेकांत सोडत पिसलं तर ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये मांडलं. आपण जे हातातल्या हातात थोडे थोडे पत्ते वर टाकत पिसतो त्याने त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा पिसावं लागतं, म्हणून मागच्या डावातले हात एकत्रच परत येतात आणि "मला परत तेच पत्ते" अशी ओरड होते. ते फर्रकन जमत नसेल तर सगळे पत्ते टेबलावर पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर घुसळा, हे काम लहान मुलांना द्या, त्यांच्या छोट्या हातांना हेच सोपं पडतं.

आता नियम सांगणं. गेम इथेच जमतो किंवा इथेच मोडतो असं मी ठामपणे म्हणतो. सगळे बसल्यावर नियमपुस्तक उघडून मोठ्याने वाचायचं नाही, कधीच नाही. आदल्या दिवशी एकट्याने मांडून दोन्ही बाजूंनी दोन-चार पाळ्या खेळून बघा, कुठे अडतं ते कळतं. लोक यायच्या आधी बोर्ड मांडलेला असू दे. मग सांगायचा क्रम असा ठेवा की आपण कोण आहोत, जिंकतो कसं, आपल्या पाळीला काय करायचं, गेम संपतो कधी. एवढंच. अपवाद जेव्हा समोर येतील तेव्हा.

टिकिट टू राइड मी असा सांगतो, बघा : "प्रत्येकाकडे ४५ रेल्वेचे डबे आहेत. तुझ्या हातात ही तिकिटं आहेत, यावर दोन गावं लिहिलीत, ती तुझ्या डब्यांनी जोडलीस की इतके मार्क, नाही जोडलीस तर तेवढेच वजा. तुझी पाळी आली की तीनपैकी एकच काम करायचं, रंगाचे पत्ते उचल, नाहीतर पत्ते देऊन बोर्डावर डबे मांड, नाहीतर नवीन तिकिटं घे. कुणाकडेही दोन किंवा कमी डबे उरले की सगळ्यांना एक-एक शेवटची पाळी आणि संपलं." हे बोलायला दोन मिनिटंही लागत नाहीत. जोकरचा रंग उघड्या पत्त्यांतून उचलला तर एकच उचलता येतो हे मी जेव्हा कोणीतरी जोकरकडे हात नेतो तेव्हाच सांगतो, तेव्हा ते लक्षात राहतं. पण एक काळजी घ्या, ज्या नियमाने कुणाचं नुकसान होऊ शकतं तो उशिरा सांगायचा नाही. हातातली अपुरी तिकिटं वजा होतात हे शेवटी कळलं तर माणूस चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. आणि पहिली फेरी पत्ते उघडे ठेवून, मोठ्याने विचार करत खेळा, मग वाटलं तर नव्याने वाटा.

फासे असले की थोडं गणित सांगून ठेवा, नवीन माणसाला ते कुणी सांगत नाही आणि तो एकटाच मागे पडतो. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात, त्यात ७ सहा प्रकारे येतो, ६ आणि ८ पाच-पाच प्रकारे, २ आणि १२ फक्त एकेक. कॅटानमध्ये फाशांवर जो आकडा येतो त्या आकड्याच्या जागेशेजारी ज्याचं घर असेल त्याला माल मिळतो, त्यामुळे पहिली दोन घरं कुठे बांधतो यावर पुढचा एक-सव्वा तास ठरतो, आणि कुणी १२ च्या शेजारी बसलं तर बिचारं नुसतं बघत राहतं. म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी नियमपुस्तकात घरांसकट आखून दिलेली सोपी मांडणी आहे तीच वापरा.

भांडणं बहुतेक घरच्या नियमांवरून होतात, त्यामुळे "आपल्याकडे काय चालतं" ते पहिला पत्ता पडायच्या आधी बोलून घ्या. उनोमध्ये +२ वर +२ टाकून पुढच्यावर ढकलणं मूळ नियमांत नाही. +४ सुद्धा चालू रंगाचा एकही पत्ता हातात नसेल तरच टाकता येतो, संशय आला तर पुढचा आव्हान देऊ शकतो, टाकणारा लबाडी करत असेल तर चार पत्ते त्याने उचलायचे आणि आव्हान चुकलं तर देणाऱ्याने सहा. हा नियम लावून बघा, गेम कितीतरी हुशार होतो. मोनोपॉली संपतच नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, त्यातही अर्धं कारण हेच आहे. एखाद्याने जागा विकत घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव करायचा असतो, हे पुस्तकात स्पष्ट आहे पण बहुतेक घरांत कोणी करत नाही, वर दंडाचे पैसे फ्री पार्किंगवर जमवून देतात जे नियमांत नाहीच, मग जागा लवकर खपत नाहीत, पैसा सगळ्यांकडे फिरत राहतो आणि कुणीच बाद होत नाही. लिलाव करा, फरक दिसेल. घरचे नियम वाईट असं नाही, ते सगळ्यांना आधी माहीत असले की झालं.

लहान मुलांबरोबर मी मुद्दाम हरत नाही, त्यांना कळतं, आणि कळलं की जिंकण्याची किंमत जाते. त्यापेक्षा जिथे ती खरोखर जिंकू शकतात ते खेळा, जोड्या लक्षात ठेवायच्या मेमरी गेममध्ये सहा वर्षांचं पोर मोठ्यांना सहज हरवतं. बुद्धिबळात तुम्ही वजीर काढून खेळा, आणि ते उघडपणे सांगून खेळा. फार लहान असेल तर तुमच्या टीममध्ये घ्या, पण पत्ता टाकायचं काम त्याचं. हरल्यावर रडलं तर लगेच "त्यात काय एवढं" म्हणू नका, त्याच्यासाठी ते एवढंच असतं, दोन मिनिटं जाऊ द्या आणि मग पुढचा डाव कुणी वाटायचा ते त्याला विचारा.

ज्येष्ठांसाठी उजेड. खरंच, निम्म्या वेळा गेम अवघड नसतो, आकडे दिसत नसतात. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, बोटं दुखत असतील तर पत्ते उभे ठेवायची खाच असलेली पट्टी मिळते. हिरवा-निळा किंवा लाल-तपकिरी रंग काहींना सारखेच दिसतात, तेव्हा एकदा हळूच विचारून घ्या.

कुणी फार विचार करत बसत असेल तर "लवकर कर ना" म्हणून तो लवकर करत नाही, अजून अडकतो. "कुठल्या दोन गोष्टींत अडकलायस?" असं विचारा, बोलता बोलता सुटतो. आणि जो जिंकतोय त्याने डाव चालू असताना समोरच्याच्या चुका दाखवू नयेत, विचारलं तर नंतर.

सामानाचं थोडक्यात, पाण्याचे ग्लास टेबलावर नकोत, शेजारी स्टुलावर, खाऊन झाल्यावर हात धुवून मगच पत्ते. सोंगट्या रंगवार छोट्या झिप पिशव्यांत भरल्या की पुढच्या वेळी मांडायला पाच मिनिटं लागतात. बऱ्याच बोर्डगेमचे पत्ते ६३ गुणिले ८८ मिलिमीटरचे असतात, पत्त्यांवर घालायची कव्हरं घेण्याआधी पट्टीने मोजा.

थांबायचं कधी? अजून एक डाव व्हावा असं दोघा-तिघांना वाटत असताना. आवरताना मी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एक ओळ लिहितो, तारीख, किती जण, खरी किती वेळ लागली, कोण जिंकलं. पुढच्या वेळी "हा किती वेळ चालेल?" याचं उत्तर बाहेर छापलेल्या आकड्यापेक्षा तिथे नीट मिळतं. आमच्या कार्कासॉनच्या झाकणावरची शेवटची ओळ अशी आहे : चौघं, ५५ मिनिटं, आत्या, शेवटच्या टाइलवर शहर पूर्ण.